दक्षिण आफ्रिका: घटनेत घराचा हक्क लिहिला, पुढे काय?

मधुरा_क

दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या राज्यघटनेचं आपल्याकडे फार कौतुक होतं. आपल्या घटनेत घर, आरोग्य, पाणी वगैरे मार्गदर्शक तत्त्वांच्या दालनात ठेवलंय, म्हणजे कोर्टात जाऊन मागता येत नाही. त्यांनी मात्र हे सगळं थेट हक्कांच्या सनदेत घातलं. कलम २६ ची तीन पोटकलमं माझ्या शब्दांत अशी: (१) पुरेशा घरापर्यंत पोचण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. (२) सरकारने उपलब्ध साधनांत राहून, वाजवी उपाय करून, हा हक्क टप्प्याटप्प्याने प्रत्यक्षात आणायचा. (३) सगळी परिस्थिती विचारात घेऊन दिलेल्या कोर्टाच्या हुकुमाशिवाय कुणालाही राहत्या घरातून काढता येणार नाही आणि घर पाडताही येणार नाही.

आता दुसरी बाजू. याच कलमावर इरीन ग्रूटबूम बाई २००० साली सर्वोच्च पातळीवर खटला जिंकल्या. जगभरच्या विधी महाविद्यालयांत तो शिकवतात. आणि २००८ मध्ये त्या वारल्या तेव्हा झोपडीतच राहत होत्या.

माझं मत सरळ आहे: हा हक्क कागदी आहे. कायद्यातल्या मंडळींनी खोडून दाखवावं. गोल गोल नको. माणसाच्या हातात नेमकं काय पडतं ते सांगा.

बिनधास्त_बंड्या

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तिजोरी रिकामी असेल तर घटनेचं पान पांघरून झोपायचं का?

ॲड_शमिका

मधुरा, ग्रूटबूम खटल्याबद्दल सगळीकडे अर्धंच सांगितलं जातं, म्हणून आधी तेवढं नीट मांडते.

केप टाउनच्या पूर्वेला वॉलसडीन नावाची झोपडपट्टी आहे. तिथला चिखल आणि दाटी सहन न होऊन ३९० मोठी माणसं आणि ५१० मुलं शेजारच्या मोकळ्या खाजगी जमिनीवर जाऊन राहिली. ती जमीन स्वस्त घरांसाठीच राखून ठेवलेली होती. मे १९९९ मध्ये, हिवाळ्याच्या तोंडावर, ठरलेल्या तारखेच्या एक दिवस आधी, नगरपालिकेच्या खर्चाने बुलडोझर आला. झोपड्या पाडल्या, जाळल्या, आतलं सामानही गेलं. मूळ जागा तोवर दुसऱ्यांनी घेतलेली. मग ही माणसं खेळाच्या मैदानावर प्लास्टिकखाली राहिली.

उच्च न्यायालयाने सांगितलं की मुलांना निवारा द्या आणि मुलांसोबत आईबापांनाही. घटना न्यायालयाने (घटनेच्या प्रश्नांवरचं तिथलं सर्वात वरचं कोर्ट) हा भाग उलटवला. ४ ऑक्टोबर २००० चा न्या. याकूब यांचा निकाल असं म्हणतो की व्यक्तीला मागितल्याबरोबर घर मिळण्याचा हक्क या कलमातून निघत नाही. 'किमान एवढं तरी द्याच' अशी पातळी ठरवायलाही कोर्टाने नकार दिला. तपासायचं ते इतकंच, की सरकारचा कार्यक्रम वाजवी आहे का. कार्यक्रम कागदावर चांगला होता, पण ज्यांच्या डोक्यावर आज रात्री छप्पर नाही त्यांच्यासाठी त्यात काहीच नव्हतं, आणि तेवढ्यापुरता तो घटनाबाह्य ठरला.

त्यामुळे 'बाई जिंकल्या पण घर मिळालं नाही' हे खरं, पण त्या निकालात घर द्यायचा हुकूम नव्हताच. मैदानावरच्या लोकांसाठी तात्पुरती सोय करायची तडजोड वेगळी झाली होती. मुख्य निकाल घोषणात्मक होता. मुदत नाही, देखरेखीला कोर्ट नाही. माझ्या मते दोष इथे आहे.

हातात पडलं ते २००४ साली: राष्ट्रीय गृहनिर्माण संहितेत बारावं प्रकरण आलं, आपत्कालीन घरकुल कार्यक्रम. त्याआधी 'तात्पुरता निवारा' या नावाने पैसे मागायला खातंच नव्हतं. पुढच्या जवळपास प्रत्येक खटल्यात वकील याच प्रकरणावर बोट ठेवतात.

वाटसरू

शमिकाताईंच्या मुद्द्याला जोड. 'उपलब्ध साधनांत राहून' हे शब्द किती कडक लागतात ते आरोग्याच्या हक्कावरच्या १९९७ च्या सूब्रमनी खटल्यात दिसलं होतं. डर्बनच्या सरकारी इस्पितळात डायलिसिसची यंत्रं मोजकी. नियम असा की प्रत्यारोपण होऊ शकेल अशाच रुग्णांना आधी घ्यायचं. अर्जदार सूब्रमनी यांना हृदयविकारही होता, ते नियमात बसले नाहीत. कोर्टाने नियम वाजवी ठरवला. निकालानंतर थोड्याच दिवसांत ते गेले.

उलट २००२ चा नेविरापिनचा खटला. एचआयव्ही असलेल्या आईकडून बाळाला होणारी लागण रोखणारं औषध कंपनी पाच वर्षं फुकट द्यायला तयार होती, आणि सरकार ते प्रत्येक प्रांतात दोनच केंद्रांवर देत होतं. तिथे पैशांची सबब टिकली नाही. निर्बंध उठवा असा स्पष्ट हुकूम झाला आणि तो अमलात आला, कारण त्यामागे उपचार हक्क मोहिमेसारखी रस्त्यावरची संघटना होती.

पेठकर_काकू

सगळं वाचतेय. पण मला पोटकलम तीनचं कळेना. भाडेकरूने भाडं थकवलं तरी 'सगळी परिस्थिती' बघायची? मालकाने काय तोंडात मारल्यासारखं बसून राहायचं?

जोबर्गकर

काकू, मालकाला रस्ता आहे, पण पायऱ्या चुकवता येत नाहीत. क्रमाने सांगतो. (फक्त राहत्या जागेबद्दल. दुकान-गोदामाला हे लागू नाही.)

यामागे १९९८ चा एकोणिसावा कायदा आहे, बेकायदा निष्कासन आणि जमिनीवरचा बेकायदा ताबा यांना प्रतिबंध करणारा. याने १९५१ चा वर्णभेदी काळातला कायदा रद्द केला. त्या जुन्या कायद्यात झोपडी टाकणं हाच गुन्हा होता आणि पाडायला कोर्ट लागत नसे. आता बिनहुकूम काढणाऱ्यालाच दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद. 'बेकायदा ताबा' म्हणजे फक्त झोपडी असंही समजू नका. २००२ मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाने (नावात सर्वोच्च, पण घटना न्यायालयाच्या खालचं) ठरवलं की करार संपूनही राहणारा भाडेकरू आणि कर्ज बुडवलेला घरमालक हेही या कायद्याखाली येतात.

पहिली पायरी, ताबा बेकायदा होऊ द्या. म्हणजे करार रीतसर संपवा. मुदतीचा करार असेल तर ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे चुकीची लेखी जाणीव देऊन कामाचे २० दिवस थांबायचं. महिन्यामहिन्याचा असेल तर एका कॅलेंडर महिन्याची लेखी नोटीस. बहुतेक अर्ज इथेच आपटतात. करार जिवंत असताना अर्ज केला की प्रश्नच मिटला, भाडेकरू अजून कायदेशीर आहे.

दुसरी, न्यायदंडाधिकारी किंवा उच्च न्यायालयात अर्ज आणि प्रतिज्ञापत्र. नेहमीप्रमाणे शेरीफमार्फत (कोर्टाचे कागद बजावणारा, हुकूम अमलात आणणारा अधिकारी) बजावणी.

तिसरी, त्याच १९९८ च्या कायद्यातल्या कलम ४(२) ची वेगळी नोटीस. सुनावणीच्या किमान १४ दिवस आधी, राहणाऱ्यांना आणि त्या हद्दीच्या नगरपालिकेला. मजकूर आणि बजावण्याची पद्धत आधी कोर्टाकडून मंजूर करून घ्यावी लागते. पहिल्या बजावणीत हे उरकलं असं म्हणता येत नाही. २००१ मध्ये अपील न्यायालयाने हे पक्कं केलं. नोटिशीत चार गोष्टी हव्यात: कुठल्या कलमाखाली कारवाई आहे, तारीख-वेळ, कारणं, आणि तुम्हाला हजर राहून बचाव करता येतो व गरज असल्यास कायदेशीर मदत मागता येते हे. मोठी वस्ती असेल तर कोर्ट भाषांतर करून फाटकावर चिकटवायला आणि कर्ण्यावरून वाचायलाही सांगतं.

चौथी, सुनावणी. ताबा सहा महिन्यांपेक्षा कमी असेल तर 'न्याय्य आणि समन्यायी' आहे का ते बघताना वृद्ध, मुलं, अपंग आणि बाईच्या जिवावर चालणारी कुटुंबं यांच्या गरजा. सहा महिन्यांवर गेला की आणखी एक प्रश्न: दुसरी जागा नगरपालिका किंवा अन्य कुणी देऊ शकतं का?

पाचवी, तारखा, आणि त्या दोन असतात. एक स्वतःहून निघण्याची, दुसरी शेरीफने काढण्याची.

वीज तोडणं, कुलूप बदलणं, दार काढून नेणं यातलं काही करू नये. भाडेनियमन कायद्यात तो स्वतंत्र गुन्हा आहे, आणि भाडेकरू तातडीच्या अर्जावर ताबा परत मिळवतो तो वेगळाच.

पेठकर_काकू

बाई गं. धन्यवाद. पण एवढ्यात निम्मी पोरं कॉलेजातून बाहेर पडतील.

तात्या_वऱ्हाडी

जोबर्गकर, पायऱ्या झकास सांगितल्या. पण मालकाची बाजू कुणी मांडत नाही म्हणून मी मांडतो. हुकूम हातात असूनही काही होत नाही याचा नमुना म्हणजे मॉडरक्लिप.

जोहान्सबर्गच्या पूर्वेला बेनोनीजवळचं शेत. मे २००० मध्ये तिथे साधारण ४०० माणसं आली, ऑक्टोबरपर्यंत १८,००० झाली आणि पुढे ४०,००० च्या घरात गेली. मालकाने रीतसर अर्ज केला आणि हुकूम मिळवला. शेरीफ म्हणाला, एवढ्यांना काढायला ठेकेदार लावावे लागतील, आधी १८ लाख रँड अनामत भरा. ही रक्कम त्या जमिनीच्या किमतीपेक्षा जास्त! पोलीस म्हणाले हा दिवाणी मामला.

मग कोर्टाने काय केलं? २००५ चा निकाल असा की लोक तिथेच राहतील, दुसरी जागा मिळेपर्यंत. मालकाला सरकारने भरपाई द्यायची. म्हणजे गरिबांना घर द्यायचं काम सरकारचं, ते पाच वर्षं केलं एका शेतकऱ्याच्या जमिनीने.

ॲड_शमिका

तात्या, तुम्ही शेवटी जे म्हणालात तेच कोर्टानेही म्हटलं. हुकूम देऊन तो अमलात आणायची यंत्रणा न पुरवणं म्हणजे मालकाचा न्याय मिळण्याचा हक्क मोडणं. भरपाई त्याबद्दलच होती. ४०,००० माणसं रस्त्यावर आली असती तर दुसऱ्या सकाळी ती शेजारच्या शेतात दिसली असती, हेही कोर्टापुढे होतं.

बिनधास्त_बंड्या

म्हणजे मालकही खूश नाही, झोपडीवालाही खूश नाही. खरा न्याय झाला म्हणायचा.

नीलकंठ_ठाणे

अवांतर नाही, जवळचं आहे म्हणून लिहितो. जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अंतुल्यांनी मुंबईतल्या फुटपाथवरच्या लोकांना हाकलायची घोषणा केली, त्यावरून ओल्गा टेलिस खटला झाला. न्या. यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने १० जुलै १९८५ ला उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात आणून बसवला. पण पुढे हेही म्हटलं की फुटपाथ अडवायचा हक्क कुणाला नाही, काढणं वैध आहे. १९७६ च्या गणनेचं ओळखपत्र असलेल्यांना पर्यायी जागा द्या, पण ती मिळाल्याशिवाय काढायचंच नाही अशी अट घातली नाही. पावसाळा जाऊ द्या, ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा, एवढीच सवलत.

इथला फरक मला असा दिसतो. आपल्याकडे प्रश्न विचारला जातो 'तुझा कागद कधीचा?' १९९५, २०००, २०११, तारखांवर सगळं राजकारण. तिथे कायद्यात अशी शेवटची तारीखच नाही. काल आलेल्यालाही कोर्टाशिवाय काढता येत नाही. सहा महिन्यांची रेघ आहे, पण ती फक्त कोर्टाने किती खोल बघायचं ते ठरवते.

तात्या_वऱ्हाडी

नीलकंठराव, काल आलेल्यालाही संरक्षण म्हणजे जमिनी बळकावणाऱ्या दलालांना आमंत्रणच की.

जोबर्गकर

तात्या, दलालांसाठी त्याच कायद्यात कलम ३ आहे. मालकाच्या संमतीविना जागा मिळवून देतो म्हणून पैसे घेणं गुन्हा. पोलीस ते फारसं वापरत नाहीत, हा भाग वेगळा. आणि खरोखर धोका असेल तर कलम ५ चा तातडीचा मार्ग आहे. तीन गोष्टी दाखवायच्या: माणसांना किंवा मालमत्तेला मोठं नुकसान होण्याचा खरा आणि तोंडावर आलेला धोका, हुकूम न दिल्यास होणारा त्रास काढल्याने होणाऱ्या त्रासापेक्षा जास्त, आणि दुसरा परिणामकारक उपाय नाही. 'माझी जमीन आहे' एवढं पुरत नाही, म्हणून हे अर्ज फेटाळले जातात.

झोपडी उभी राहत असतानाच, त्या क्षणी, मालक अडवू शकतो. एकदा छप्पर झालं, सामान आत गेलं की ताबा पूर्ण झाला, मग कोर्ट. केप टाउन पालिकेने 'रिकामी झोपडी आम्ही हुकुमाविना पाडू' असा अर्थ लावून बघितला. २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो मानला नाही.

सायली_म

पाडून टाकल्यावर काय? कोर्टात जाईपर्यंत पत्रे भंगारात गेलेले असतात.

ॲड_शमिका

चांगला प्रश्न. नेहमीचा उपाय म्हणजे हिसकावलेला ताबा परत द्या. पण वस्तूच नष्ट झाली तर तिथल्या जुन्या रोमन-डच कायद्यातला तो नियम लंगडा पडतो. म्हणून २००७ च्या त्स्वेलोपेले खटल्यात अपील न्यायालयाने घटनेतून नवा हुकूम घडवला: पालिका आणि बाकीच्या सरकारी खात्यांनी राहण्याजोगे निवारे पुन्हा उभे करून द्यावेत, आडोसा आणि सोयी पाडलेल्याइतक्या तरी हव्यात, आणि नंतर सुटे करता येतील असे हवेत. तेच पत्रे शोधत बसायची गरज नाही.

आणि जोहान्सबर्गच्या पुलाखालच्या २७ बेघरांचं सामान पालिकेच्या लोकांनी कचरा म्हणून उचललं होतं, त्याबद्दल २०१९ च्या निकालात प्रत्येकी १५०० रँड भरपाई मिळाली. रक्कम छोटी, पण प्लास्टिक, गाद्या आणि कागदपत्रं ही 'मालमत्ता' आहे हे लेखी आलं.

व्यावहारिक: पाडकाम चालू असताना फोटो, वेळ, कर्मचाऱ्यांच्या गणवेशावरची नावं आणि गाडीचे क्रमांक टिपणं सर्वात महत्त्वाचं. अर्ज त्याच दिवशी गेला तर बरं. कुणी जायचं? घटनेच्या कलम ३८ नुसार स्वतः, दुसऱ्याच्या वतीने, गटाच्या वतीने, संघटना म्हणून किंवा लोकहितासाठी कुणीही. हरलं तर सरकारचा खर्च भरावा लागेल या भीतीने लोक मागे सरतात, पण २००९ च्या बायोवॉच निकालापासून नियम असा की घटनात्मक प्रश्नावर सरकारविरुद्ध प्रामाणिकपणे लढून हरलेल्या खाजगी पक्षावर सहसा खर्च लादत नाहीत. मोफत वकिलासाठी सरकारी विधी साहाय्य मंडळ, लीगल रिसोर्सेस सेंटर, आणि घराच्या खटल्यांत विशेष नाव असलेली सेरी ही संस्था. मानवी हक्क आयोगाकडे तक्रार फुकट होते, पण आयोग हुकूम काढत नाही. तातडी असेल तर थेट कोर्टच.

वाटसरू

एक राहिलंच, 'अर्थपूर्ण संवाद'. २००८ चा ऑलिव्हिया रोड खटला. जोहान्सबर्गच्या मध्यवस्तीतल्या दोन पडक्या इमारती, ४०० च्या वर माणसं. पालिका म्हणाली, आग लागेल, बाहेर पडा. कोर्टाने निकालाआधीच दोघांना बोलायला बसवलं. समझोत्यात काय निघालं बघा: रासायनिक शौचालयं, कचऱ्याच्या पिशव्या, उघडा पडलेला लिफ्टचा खड्डा बंद करणं, आग विझवायची नळकांडी. आणि पुढे पर्यायी इमारतीत घर. तेव्हापासून संवाद न करता आलेल्या पालिकेला कोर्ट बहुधा माघारी पाठवतं.

बिनधास्त_बंड्या

कचऱ्याच्या पिशव्यांसाठी घटना न्यायालय. आपल्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला सांगायला हवं.

मधुरा_क

बंड्या, हसू आलं, पण आगीचा मुद्दा निघालाच आहे म्हणून विचारते. ऑगस्ट २०२३ मध्ये जोहान्सबर्गच्या मार्शलटाउन भागातल्या उसिंडिसो इमारतीत ७६ माणसं जळून मेली ना? तेव्हा कित्येक पुढाऱ्यांनी याच १९९८ च्या कायद्याकडे बोट दाखवलं, की हुकुमाशिवाय काढता येत नाही म्हणून इमारती अशा होतात. त्यात तथ्य आहे की नाही?

जोबर्गकर

फारच थोडं. इमारत पालिकेच्याच मालकीची होती. वर्णभेदाच्या काळात तिथून काळ्या माणसांना पास (शहरात वावरायचे परवाने) दिले जात, पुढे ती बायकांचं आश्रयस्थान झाली, मग पालिकेने तिकडे दुर्लक्ष केलं. न्या. खंपेपे यांच्या चौकशी आयोगाने मे २०२४ च्या अहवालात पालिका आणि तिची मालमत्ता कंपनी यांनाच जबाबदार धरलं. पाणी, बाहेर पडायचे दरवाजे, अग्निशमन, कचरा यांसाठी कुणाला बाहेर काढायची गरज नव्हती. वाटसरूंनी वर दिलेली यादी १५ वर्षं आधीची आहे. मालकाने स्वतःच्या इमारतीत नळकांडी लावायला कुठला कायदा आडवा येतो?

अडचण आहे ती पर्यायी जागेची. २०११ च्या ब्लू मूनलाइट निकालाने ठरवलं की खाजगी मालकाने काढलं आणि माणसं बेघर होणार असतील, तरी तात्पुरता निवारा पालिकेने द्यायचा. प्रांत पैसे देत नाही ही सबब चालत नाही, आधी अंदाजपत्रकात तरतूद करा. २०१२ मध्ये अपील न्यायालयाने पुढची कडी घातली, की निघण्याची तारीख आणि पालिकेने जागा देण्याची तारीख एकमेकींना बांधलेल्या हव्यात. निवारे तर पुरेसे बांधलेच नाहीत. मग साखळी अशी अडकते: पालिका अहवाल देत नाही, कोर्ट तारीख देऊ शकत नाही, मालक डागडुजी थांबवतो, भाडं वसूल करायला भलतेच लोक येतात आणि इमारत सडते. कायदा बदलून हे सुटणार नाही, निवाऱ्याच्या खाटा वाढवून सुटेल.

सायली_म

आणि खाटा मिळाल्यावरचीही गोष्ट आहे. ब्लू मूनलाइटमधून काढलेल्यांना ज्या निवाऱ्यात ठेवलं तिथे सकाळी आठ ते संध्याकाळी साडेपाच दार बंद, आणि नवरा-बायको वेगवेगळ्या खोल्यांत. रात्रपाळी करणाऱ्याने झोपायचं कुठे? ते लोक पुन्हा कोर्टात गेले. २०१७ मध्ये घटना न्यायालयाने दोन्ही नियम रद्द केले. २०११ ला जिंकले, २०१७ ला पुन्हा जिंकावं लागलं.

तात्या_वऱ्हाडी

हाच तर मधुराताईंचा मूळ मुद्दा. जिंकतच राहायचं.

मधुरा_क

हो ना. मग माझं म्हणणं खोडलं गेलं की पक्कं झालं?

ॲड_शमिका

अर्धं अर्धं. पोटकलम दोन, म्हणजे 'घर द्या', यावर कोर्ट हात आखडतं. २००९ चा सोवेटोच्या फिरी भागातला पाण्याचा खटला बघ. माणशी दिवसाला २५ लिटर फुकट, वर आधी पैसे भरायचं मीटर. उच्च न्यायालयाने ५० लिटर म्हटलं, अपील न्यायालयाने ४२. घटना न्यायालयाने आकडा ठरवायलाच नकार दिला आणि पालिकेचं धोरण तसंच ठेवलं. तिथे तू म्हणतेस ते लागू होतं.

पोटकलम तीनवर मात्र ते दात दाखवतं. जो स्लोवो वस्तीचं उदाहरण बघ. केप टाउनमध्ये एन-२ महामार्गाला लागून, सुमारे २०,००० माणसं. २००९ मध्ये कोर्टाने हटवायला परवानगी दिली, पण अटींसकट: केप टाउनच्याच डेल्फ्ट भागातलं तात्पुरतं घर किमान २४ चौरस मीटर, प्रत्येकाला क्रमांक, नूटेकच्या (फायबर-सिमेंटच्या) भिंती, जस्ताचे पत्रे, डांबरी रस्ता, वीजमीटर, पाणी, जवळ शौचालय. शिवाय मूळ जागी होणाऱ्या नव्या घरांतली ७० टक्के याच लोकांना. सरकारला एवढं जमेना. शेवटी आहे तिथेच वस्ती सुधारायचं ठरलं आणि २०११ मध्ये हटवायचा हुकूमच कोर्टाने मागे घेतला. हरलेले लोक जागेवर राहिले.

म्हणजे हातात काय पडतं? वेळ, वकील, पालिकेला टेबलावर आणायची ताकद, आणि बेघर होणार असाल तर छप्पर. पक्कं घर वेगळ्या रांगेतून येतं. महिना ३५०० रँडपर्यंत उत्पन्न असलेल्यांना सरकार बांधून देतं ती घरं. १९९४ पासून तशी ३० लाखांहून जास्त झाली, ती खटल्यांमुळे नाही.

नीलकंठ_ठाणे

आणि ती बहुतेक शहराच्या कडेला, जिथे जमीन स्वस्त. कामाला जायचं भाडं पगारातून कापून.

वाटसरू

जागा कुठे, या मुद्द्यावर २० डिसेंबर २०२४ चा निकाल महत्त्वाचा आहे. केप टाउनमधल्या वुडस्टॉकची ब्रॉमवेल स्ट्रीट. घरं विकासकाने विकत घेतली, राहणाऱ्यांना पालिकेने लांबच्या वोल्वेरिव्हियरमध्ये जागा देऊ केली. पालिकेकडे मध्यवस्तीत आपत्कालीन निवाऱ्याची काही व्यवस्थाच नव्हती. घटना न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवलं आणि सहा महिन्यांत वुडस्टॉक, सॉल्ट रिव्हर किंवा मध्यवस्तीतच जागा द्या असं सांगितलं. ग्रूटबूमच्या निकालाशी तुलना करा: इथे मुदत आहे आणि वस्त्यांची नावंही आहेत.

मधुरा_क

हे मात्र मला माहीत नव्हतं. 'कागदी' मागे घेत नाही, पण पोटकलम दोनपुरतं म्हणते.

पेठकर_काकू

शेवटचा प्रश्न, मग चहा ठेवते. बँकेने कर्जापोटी घर लिलावात काढलं तर हाच कायदा?

जोबर्गकर

काकू, लिलावाआधी वेगळं, लिलावानंतर हाच. लिलावाआधीचं संरक्षण २००४ च्या याफ्ता खटल्यातून आलं. प्रिन्स अल्बर्ट गावातल्या दोन बायकांची अनुदानित घरं २५० आणि १९० रँडच्या उधारीपायी विकली गेली होती. तेव्हापासून राहतं घर विकायचं असेल तर न्यायाधीशाने स्वतः बघावं लागतं. २०११ पासून कोर्टाच्या कारकुनाला तसा हुकूम देता येत नाही. डिसेंबर २०१७ पासून उच्च न्यायालयाच्या नियम ४६अ नुसार कोर्ट राखीव किंमत ठरवू शकतं, त्यामुळे घर कवडीमोलाने जाणं अवघड झालं. कर्जदाराने पालिकेचं मूल्यांकन, बाजारभाव, थकबाकीचा आकडा आणि घरात कोण कोण राहतं हे प्रतिज्ञापत्रावर द्यावं. बरेच जण गैरहजर राहतात आणि मग कोर्टापुढे फक्त बँकेचा आकडा असतो.

लिलाव झाल्यावर नव्या मालकाला तुम्हाला काढायचं असेल तर वर दिलेल्या पायऱ्या पहिल्यापासून. एक फरक आहे: कर्जवसुलीच्या लिलावातली जागा असेल तर सहा महिन्यांनंतरचा 'दुसरी जागा आहे का' हा प्रश्न कलम ४(७) मधून वगळलेला आहे. वृद्ध, मुलं, अपंग वगैरे बाकीचं सगळं तरीही बघावं लागतं.